आजीचा मार्च महिना: नावं आधी, स्कॅन नंतर (प्रकल्प नोंदी)

१ मार्च

या महिन्यात घरात तीन कार्यक्रम आहेत. ८ तारखेला नव्या बाळाला बघायला सगळे येतील, १६ ला आजीचा ८५वा वाढदिवस, २९ ला मधल्या काका-काकूंच्या लग्नाला ४० वर्षं. एरवी कधी एका खोलीत न सापडणारी माणसं तीनदा एकत्र येणार. जुन्या फोटोंतली नावं आणि आठवणी आजीकडून नोंदवून घ्यायच्या, त्या कामाची आखणी या तीन तारखांवरून केली आहे.

हाताशी असलेलं साहित्य: ११ अल्बम, बुटांच्या दोन खोक्यांत सुटे फोटो, निगेटिव्हच्या ३८ पट्ट्या, ६ कॅसेट. फोटो सगळे मिळून अंदाजे १४००.

क्रम असा ठरला: आधी नावं, मग आवाज, शेवटी स्कॅनिंग. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. स्कॅनर आणला की हात शिवशिवतात. एक फोटो ठेवणं, स्कॅन, तपासणी, पुन्हा जागेवर, याला सरासरी दीड मिनिट धरलं तरी १४०० फोटोंना ३५ तास लागतात. पाहुणे तोवर परत गेलेले असतात आणि हाती उरतात १४०० निनावी फाइली. कोरड्या कपाटातला फोटो पुढच्या वर्षीही जवळपास असाच असेल. मागच्या ओळीत डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली बाई कोण, हे सांगणारी मात्र आता एकटी आजीच आहे.

२ मार्च

छाननी. १४०० मधून २३० निवडले. निवडीची कसोटी एकच: ज्यात माणसं आहेत आणि त्यांतलं किमान एक आमच्यापैकी कुणालाही ओळखता येत नाही. देखावे, एकाच क्षणाच्या चार-चार प्रती, ओळखीच्या चेहऱ्यांचे फोटो नंतर.

अल्बममधला एकही फोटो हलवण्याआधी प्रत्येक पान जसंच्या तसं मोबाइलने टिपलं. कुणाशेजारी कोण लावलंय, कुठली जागा रिकामी आहे, हाही पुरावाच. लावणाऱ्याने ज्या क्रमाने लावले त्यावरून पुढे साल काढता येतं. क्रम एकदा मोडला की तो परत मिळत नाही.

क्रमांक टाकणं: जुन्या, कागदी पाठीच्या कृष्णधवल फोटोंवर मऊ शिसपेन्सिलीने, मागे, अगदी कडेला. फोटो काचेवर पालथा ठेवून हलक्या हाताने. बॉलपेन नको. टोकाचा दाब समोरच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. साधारण १९७० नंतरचे बरेच फोटो प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर असतात, त्यांच्या पाठीवर पेन्सिल उमटतच नाही. त्यांना एकेक कागदी पाकीट केलं आणि क्रमांक पाकिटावर घातला, फोटो आत जाण्याआधी. चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या वापरल्या नाहीत, त्यांचा डिंक मागे राहतो.

४ मार्च

आजीला दाखवायच्या प्रती तयार केल्या. समूहफोटो ए-४ कागदावर मोठे करून छापले, एकेक चेहरा किमान दोन सेंटिमीटर येईल इतके. कागद मॅट, कारण चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड चमकतो आणि तेवढा चेहरा दिसेनासा होतो.

टॅबलेट वापरून पाहिला, बाजूला ठेवला. चेहरा मोठा केला की शेजारची माणसं पडद्याबाहेर जातात आणि ओळख शेजारावरूनच पटते: «ही हिच्याशेजारी उभी म्हणजे ती हिची जाऊ.» शिवाय बोट लागून फोटो सरकला की आजीचा विचार तुटतो.

प्रत्येक समूहफोटोवर ट्रेसिंग पेपर लावून डोक्यांचे गोल काढले आणि आकडे घातले. पुढची ओळ आधी, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे. «डावीकडून» म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे कागदाच्या माथ्यावर लिहिलं. हे न लिहिल्याने बऱ्याच घरांत नावं उलटी लागतात.

५ मार्च

आवाजाची चाचणी. खोली निवडताना गादी, पडदे, पुस्तकं असलेली निवडली. मोकळ्या भिंती आणि फरशीवर आवाज घुमतो. फ्रीजची घरघर कानाला जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये सतत येते. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे निघताना परत सुरू करायची आठवण राहते. पंखा बंद. मोबाइल फ्लाइट मोडवर.

कॉलर माइक हनुवटीच्या खाली सुमारे १५ ते २० सेंटिमीटर, पदराला किंवा माळेला घासणार नाही असा. घासण्याचा आवाज नंतर काढता येत नाही. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला सुमारे ५२० एमबी होतात. पातळी अशी की सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. आजी हसली की आवाज एकदम चढतो, चाचणी हसण्यावर घ्यावी.

दोन यंत्रं एकाच वेळी चालू ठेवायची: रेकॉर्डर आणि टेबलावर एक मोबाइल.

श्रवणयंत्र असेल तर आजीच्या ज्या कानाला चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसावं, समोरासमोर, ओठ दिसतील असं. ओरडून विचारू नये. सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोललेलं जास्त समजतं.

६ मार्च

पहिली बैठक, सकाळी १०, ४० मिनिटं, २२ फोटो. याहून लांबवायची नाही. थकल्यावर आजी «असेल कुणीतरी» म्हणू लागते आणि तिथून पुढची उत्तरं भरवशाची राहत नाहीत.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा, कोण कोण बसलंय हे बोललं. मग अर्धा मिनिट कुणीच बोललं नाही, रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. आवाज साफ करताना तो नमुना लागतो. प्रत्येक फोटो हातात देताना क्रमांक मोठ्याने म्हणायचा. नाहीतर नंतर ऐकताना «हा बघ हा, टोपीवाला» एवढंच ऐकू येतं आणि टोपीवाले सतरा असतात.

प्रश्न विचारण्याबद्दल, कारण सगळं काम इथेच बिघडतं किंवा जमतं:

«हे दादा आजोबा ना?» असं विचारायचं नाही. होकार पटकन येतो, आणि पुढच्या वेळी आजीला खरंच तसंच आठवू लागतं. विचारायचं «हे कोण?». मग «हे कुठे काढलंय?», «फोटो कोणी काढला असेल?», «तेव्हा या घरात अजून कोण होतं?». फोटो काढणारा फोटोत कधीच नसतो, म्हणून त्याची आठवण मुद्दाम काढावी लागते. आजच्या २२ पैकी ९ फोटो एकाच माणसाने काढले होते हे याच प्रश्नातून कळलं.

उत्तर आल्यावर लगेच पुढचा फोटो द्यायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. पहिलं वाक्य नाव असतं, गोष्ट त्यानंतरच्या शांततेत येते. ऐकताना «हो हो», «अच्छा» म्हणायचं नाही, मान हलवायची. आपला आवाज तिच्या आवाजावर चढतो.

खात्रीची पातळी नोंदीत तीन अक्षरांत: «ठ» म्हणजे ठाम, «ब» म्हणजे बहुतेक, «ऐ» म्हणजे ऐकीव. ही खूण त्याच क्षणी लावायची. आठवड्याने सगळंच ठाम वाटतं.

बैठक संपताना विचारलं, यातलं काय सगळ्यांना ऐकवायचं नाही. दोन जागा तिने सांगितल्या. त्यांच्या वेळा लिहून तेवढा भाग वाटायच्या प्रतीतून वगळला. मूळ फाइल तशीच, वेगळ्या फोल्डरमध्ये. हा प्रश्न दर बैठकीला विचारायचा, आणि तिचा शब्द शेवटचा.

८ मार्च

बाळाला बघायला १९ जण. गर्दीत मुलाखत घेऊ नये, काही हाती लागत नाही. त्याऐवजी टेबलावर छापील प्रती, पेन्सिली आणि चिठ्ठ्या. ज्याने त्याने चिठ्ठीवर फोटोचा क्रमांक, नाव आणि खाली स्वतःचं नाव लिहायचं, आणि चिठ्ठी घडी घालून डब्यात. उघड्यावर लिहिलं की मोठ्या आवाजाचा माणूस पहिलं नाव घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. घड्यांमध्ये ११७ क्रमांकाच्या फोटोला तीन वेगवेगळी नावं आली. तिन्ही ठेवली, सांगणाऱ्यांसकट.

पणजीच्या मांडीवर बाळ: खिडकीजवळ, उजेड बाजूने, फ्लॅश बंद, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नाही. आजीच्या कोपराखाली उशी, म्हणजे हात थरथरत नाही आणि बाळही सुरक्षित. एक फोटो फक्त हातांचा.

सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो त्याच संध्याकाळी केबलने उतरवले. मेसेजिंग अ‍ॅपवरून चित्र म्हणून पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळेची माहिती बहुधा गळून जाते. पाठवायचाच तर फाइल म्हणून. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून त्याच कॅमेऱ्याने सुरुवातीला मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवला. फरक कळला की सगळ्या वेळा एकदम दुरुस्त होतात.

९ मार्च

कॅसेट. सहाही साठ मिनिटांच्या, बाजूला तीस. आधी वरच्या कडेची दोन प्लास्टिकची नखं मोडली, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मजकूर पुसला जात नाही. मग प्रत्येक कॅसेट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पुढे नेऊन परत आणली. वर्षानुवर्षं एका जागी पडलेली फीत अशाने सुटी होते.

डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं, प्रत्येक कॅसेटनंतर पुन्हा. आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका असेल तर बहुतेक वेळा दोष फितीचा नसून हेडच्या कोनाचा असतो. हेडशेजारचा लहान स्क्रू किंचित फिरवत ‹स› आणि ‹श› सर्वांत स्वच्छ कुठे ऐकू येतात ते शोधायचं. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं.

क्रमांक ४ ची फीत वाजेना. आतल्या पत्र्याच्या पट्टीवरचं लहानसं फेल्टचं पॅड गळून पडलं होतं. ते नसलं की फीत हेडला टेकत नाही. स्क्रूने जोडलेल्या रिकाम्या कॅसेटच्या खोळीत दोन्ही रिळं हलवली, नीट वाजली. त्यात आजीच्या आईचा आवाज आहे. ११ मिनिटं.

११ मार्च

नात्यांचा तक्ता. पहिली अडचण हाका. आजीच्या बोलण्यात तीन «माई» आहेत, दोन «नाना», आणि «ताई» कोण हे ती कुठल्या वयाचं बोलतेय त्यावर ठरतं. म्हणून प्रत्येक माणसाला एक क्रमांक. त्यापुढे रकाने: कागदोपत्री नाव, माहेरचं नाव, हाकेचं नाव, कोण त्या नावाने हाक मारायचं. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडला.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. वंशावळीच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना एकच शब्द असतो. म्हणून नातं शब्दात लिहायचं नाही, फक्त आई-वडील आणि जोडीदार जोडायचे. आत्या की मावशी ते त्यावरून आपोआप निघतं. आजी म्हणाली «माझी मावसबहीण» तर मधल्या बायकांना नावं नसली तरी क्रमांक द्यायचे, साखळी तोडायची नाही.

माहिती जेडकॉम (GEDCOM) या वंशावळीच्या सामायिक स्वरूपात काढून ठेवावी, म्हणजे एक प्रोग्रॅम बंद पडला तर दुसऱ्यात उघडता येते. २०२१ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरपद्धत) बंधनकारक आहे. जुन्या ५.५ मध्ये ती सोय नाही, तिथे देवनागरी नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

मराठी टायपिंगची एक खोच: «ऱ्य» दोन प्रकारे टाइप होतो, एकदा खऱ्या ‹ऱ›ने आणि एकदा साध्या ‹र›पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना संगणकाला वेगळे. एकाच आडनावाची सात माणसं शोधात चारच येत होती ती यामुळे. एकच प्रकार ठरवून बाकीचे बदलले. फाइलींच्या नावांत मात्र फक्त रोमन अक्षरं आणि आकडे, मराठी मजकूर माहितीच्या रकान्यात.

१३ मार्च

चिकट पानांचा अल्बम, वर पारदर्शक कागद असलेला. सगळ्यांत जास्त नुकसान करणारा प्रकार हाच. डिंकाचे पट्टे वर्षांनी कडक होतात आणि फोटो ओढला की पाठीचा कागद फाटतो किंवा फोटोला कायमची घडी पडते. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे न्यायचा, फोटो वाकवायचा नाही, दोरा वाकवायचा. ४८ पैकी ४१ सुटले. उरलेले सात ओढले नाहीत, पानासकट स्कॅन करायचे.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो: हात लावायचा नाही. काचेसकटच स्कॅन करायचा.

१४ मार्च

तिसरी बैठक. २६ फोटो. ११७ ची तीन नावं आजीसमोर ठेवली नाहीत, फक्त फोटो ठेवला. तिने चौथं नाव सांगितलं, «ठ».

१६ मार्च

वाढदिवस, २६ माणसं, एकत्र फोटो. भर दुपारचं ऊन टाळलं, डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सगळे डोळे बारीक करतात. इमारतीच्या सावलीत, संध्याकाळी ५ वाजता. खुर्च्यांची ओळ, मागे उभ्यांची, त्यामागे पायरीवर. मुलं पुढे जमिनीवर. आजीला सर्वांत शेवटी आणून बसवलं. तिला आधी बसवून मग माणसं गोळा करत राहिलं तर वीस मिनिटं जातात आणि फोटोत ती दमलेली दिसते.

३५ मिमी लेन्स, एफ/८, शटर १/१२५, अंतर पाच मीटर, फोकस बसलेल्यांच्या ओळीवर. एफ/८ म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, त्यामुळे सगळ्या ओळी स्पष्ट येतात. मोबाइलचा अतिरुंद कोन वापरू नये, कडेची माणसं ताणलेली दिसतात.

किती फोटो काढावेत याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी मांडलंय, त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल (हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. २० च्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या एक तृतीयांश, कमी उजेडात निम्मे फोटो घ्यावेत, म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. आम्ही २६ होतो, म्हणून २० घेतले. सगळे उघडे असलेले तीन निघाले.

फोटो संपल्यावर कुणालाही उठू न देता एकाने ओळीने चालत प्रत्येकाचं पूर्ण नाव त्याच्या तोंडून व्हिडिओत घेतलं. दोन मिनिटांचं काम. साठ वर्षांनी कुणाला ट्रेसिंग पेपर लावावा लागणार नाही.

१७ ते २२ मार्च

स्कॅनिंग. पोस्टकार्डाएवढे फोटो ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके), सहा बाय सहा सेंटिमीटरचे लहान ठसे (कागदावर काढलेल्या प्रती) १२००. ४ बाय ६ इंची फोटो ६०० वर टिफमध्ये (जेपेगसारखे तपशील न गाळणारं स्वरूप) सुमारे २६ एमबी होतो. १४०० धरले तरी ३७ जीबीच्या आत, म्हणून जागा वाचवायला जेपेग करण्यात अर्थ नाही. जेपेग वाटायच्या प्रतींसाठी.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्ये. पिवळेपणा, शाईचे डाग, मागचं लिखाण यांची माहिती करड्या मोडमध्ये जाते. लिखाण असेल तर पाठही स्कॅन. यंत्राची आपोआप रंगसुधारणा बंद. स्कॅनरची काच पुसायचा द्रव थेट काचेवर फवारायचा नाही, कापडावर घ्यायचा, नाहीतर कडेने आत उतरतो.

जुन्या फोटोंच्या काळ्या भागावर निळसर चांदीसारखी चमक दिसते. तो चांदीचाच थर आहे, पृष्ठभागावर आलेला. पुसू नये. स्कॅनमध्ये पांढुरका दिसला तर फोटो ९० अंशांत फिरवून पुन्हा घ्यावा. ६० आणि ७० च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेत, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग अंधारातही आधी विटतो. रंग नंतर प्रतीवर सुधारायचे, मूळ स्कॅनला हात नाही.

२३ मार्च

निगेटिव्ह, ३२०० डीपीआय. एक चौकट २४ बाय ३६ मिमी, म्हणजे सुमारे १३.७ मेगापिक्सेल. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मला बंद ठेवली. फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चेहऱ्याचे तपशीलच धूळ समजून पुसतं. रबरी फुग्याने हवा मारली, तोंडाने नाही.

मोठा लाभ: अल्बममध्ये न लावलेल्या १४ चौकटी. एकीत आजी पाठमोरी, खिडकीत.

२५ मार्च

साल ठरवणं. चौरस रंगीत ठसे बहुधा १२६ काडतुसाचे (कॅमेऱ्यात बसवायची फिल्मची तयार डबी), ते १९६३ मध्ये आलं, म्हणजे त्याआधीचे नाहीत. ११० चं काडतूस १९७२ चं. प्लास्टिकचा थर असलेला कागद असेल आणि कुणी १९५८ सांगितलं, तर ते साल चुकीचं, किंवा तो नंतर काढलेला ठसा. सर्वांत भरवशाचं माप मात्र मुलं: जन्मसाल माहीत असलेलं दोन वर्षांचं मूल फोटोत असेल तर साल वर्षभराच्या फरकाने पक्कं.

नोंद आयएसओ ८६०१ च्या क्रमाने, वर्ष-महिना-दिवस. नक्की नसेल तर २०१९ मध्ये प्रमाण झालेल्या विस्तारातली चिन्हं: १९६२~ म्हणजे सुमारे १९६२, १९६२? म्हणजे शंका. अंदाजाला कधीच १ जानेवारी लिहू नये, वर्षभरात ती खरी तारीख वाटू लागते.

आजीची जन्मतारीख दोन: कागदावरची एक, घरात सांगतात ती वेगळी. दोन्ही ठेवल्या, कुठून आली त्यासह.

२९ मार्च

४० वर्षांचा कार्यक्रम. पडद्यावर ६० फोटो, प्रत्येकी १२ सेकंद, खाली नावं मोठ्या अक्षरांत. «ब» आणि «ऐ» नावं वेगळ्या रंगात, चुका सांगाव्यात म्हणून. सहा दुरुस्त्या आल्या. एक जण कागद घेऊन फक्त त्या टिपायला बसला होता. पडदा चालू असताना बोललेलं नंतर आठवत नाही.

शेवटी कॅसेट ४ मधले तीन मिनिट. आजीला आदल्या दिवशी एकटीला ऐकवलं होतं. पन्नास माणसांसमोर आईचा आवाज पहिल्यांदा ऐकावा लागू नये.

३१ मार्च

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलवरून निघणारा आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) काढून यादी सोबत ठेवली. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा काढून जुळवायची, न जुळणारी फाइल दुसऱ्या प्रतीवरून घ्यायची. सगळ्या नावांची छापील वहीही, कारण ती उघडायला काही लागत नाही. मूळ फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटांत. पीव्हीसी नको, त्यातून निघणारी द्रव्यं फोटोला खातात.

२३० पैकी २११ पूर्ण. १९ बाकी. त्यांतल्या १२ फोटोंत तीच एक बाई आहे, प्रत्येक वेळी मागच्या ओळीत. आजी म्हणते, चेहरा रोजचा होता, नाव येत नाही. मोठ्या छापील प्रती आजीच्या नणंदेकडे उद्या पाठवायच्या. सोबत चिठ्ठी, त्यावर एकच प्रश्न: «या कोण?»